समुपदेशक ताईंनी मुलालाही आत बोलावलं

मित्रांनो, आपल्या कवितांच्या ग्रुपवर माझा मुलगा उमेश नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझी बायको शांता जाऊन चार महिने झाले. झेंडूचे हार ओवताना आम्ही दोघं शाळेतल्या कविता म्हणायचो. आता पहिल्या ओळीपुढे मला काही आठवतच नाही.

आज सकाळी इंदिरानगरला समुपदेशक ताईंकडे गेलो. उमेश बाहेर थांबत होता, तर त्यांनी त्यालाही आत बोलावलं. "आपल्याकडे घरच्यांपासून काय लपवायचं असतं, काका? घरात किती जण?"

"सात."

"मग एकटेपणा कसला? मळ्यातली माणसं तुम्ही, भरल्या घरातली. भजनी मंडळात जात जा."

उमेश म्हणाला, "सांगा त्यांना, ताई. आम्ही एवढं करतो, तरी आप्पा आपले गप्पच."

बोलताना त्याचा आवाज कापला. मग मी "झोप लागत नाही" एवढंच म्हणालो.

सांगायला गेलो होतो ते वेगळंच. सकाळी जाग आली, की आपण अजून जिवंत आहोत याचंच वाईट वाटतं.

सोमवारी पुन्हा बोलावलंय. पोराला न दुखावता "तू जरा बाहेर बस" कसं म्हणायचं हो? तुमच्यापैकी कोणी म्हटलंय का?