मामाचा मणका आणि माझं पत्रक

माझ्या सख्ख्या मामाची बढती मी घालवली, आणि तीही त्याला न्याय मिळवून देताना.

मामा कल्याणला एका सरकारी कचेरीत नोकरीला आहे आणि उरलेल्या वेळात व्हायोला वाजवतो. (व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. घरात असतो, पण त्याला कोणी विचारत नाही.) एका मोठ्या चित्रपट संगीतकाराने यंदा सिनेमा नाही, गाणी नाहीत, नुसते साठ वादक घेऊन वाद्यसंगीताचा अल्बम काढला. त्या साठांत आमचा मामा होता.

अल्बम आला त्या रविवारी आम्ही सगळे डोंबिवलीला मामाकडे जमलो. मामीने कोथिंबिरीच्या वड्या तळल्या. मामा स्पीकरशेजारी बोट वर करून बसलेला.

"आता मी येतो बघ... आलो... गेलो."

"कधी? मला काहीच नाही ऐकू आलं," मामी म्हणाली.

"म्हणजे बरोबर वाजलंय. चुकलो असतो तर ऐकू आलं असतं."

तेवढ्यात मी मोबाइलवर वादकांची यादी उघडली आणि गार पडले. व्हायोलाखाली पाच नावं. मामा सहावा!

"मामा, तुझं नाव नाहीये."

"नसू दे गं. वडी घे."

"सहा दिवस राबलास तू."

"अगं, नाव नाही तेच बरं आहे. तू यात पडू नकोस."

मी हादरले. अन्याय सोसणारा माणूस शेवटी अन्यायालाच 'बरं' म्हणायला लागतो, हे मी चळवळीतल्या आई-बाबांच्या पत्रकांत लहानपणापासून वाचलेलं. (आमच्याकडे झोपवताना मागण्या वाचून दाखवायचे.) पण असा माणूस माझ्यासमोर बसून वडी खात असेल, असं वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात पत्रक तयार झालं. मथळा: 'साठ वादक, एकोणसाठ नावं! साठावा कुठे गेला?' पुराव्याशिवाय पत्रक म्हणजे नुसती बडबड, म्हणून मामीच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरून रेकॉर्डिंगच्या सहाही तारखा वेळेसकट उतरवल्या. संपर्काला मामाच्या कचेरीचा पत्ता टाकला, कारण घरी दिवसा कोणी नसतं. एक प्रत संगीतकाराला पाठवली आणि उरलेला गठ्ठा घेऊन थेट मामाच्या कचेरीत गेले. सहकाऱ्यांनी पाठिंबा द्यायला नको? सह्यांची सुरुवात साहेबांपासून करायची ठरवली. वर एक सही झाली की खाली भराभर होतात.

साहेब मानपाड्याचे, स्वभावाने मऊ. त्यांनी चहा मागवला आणि कौतुकाने वाचायला लागले. अर्ध्यावर थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सोमवार ते शनिवार?"

"हो सर. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात."

"तारखा नक्की?"

"एकदम. कॅलेंडरवर आहेत."

"आणि मणका?"

"कोणाचा?"

"तुझ्या मामाचा. सरकलेला ना. त्या आठवड्यात डॉक्टरने अंथरुणातून उठायचं नाही म्हणून लिहून दिलंय. मी रजा मंजूर केली. वर माझा स्वतःचा कंबरेचा पट्टा दिला त्याला."

माझ्या तोंडचा चहा तोंडातच राहिला. दाराच्या काचेतून बघते तर बाहेर मामा फाइल घेऊन उभा, आणि शर्टावरून तो पट्टा. ठणठणीत पाठीचा माणूस चार महिने रोज पट्टा आवळून कामाला येत होता, कारण साहेब रोज विचारायचे, "आता कसं वाटतंय?"

साहेबांनी पत्रकाची घडी घातली. चारदा घातली.

"मी हे वाचलेलं नाही," ते म्हणाले. "बढतीची यादी शुक्रवारी वर जाते. त्याचं नाव पहिलं आहे. कुठे कुठे वाटलेस ते कागद गोळा कर, आणि घरी जा."

 बोलताना त्यांची नजर मात्र पट्ट्यावरच होती.

मी येता येता टेबलाटेबलावर ठेवलेली बावीस पत्रकं बावीस टेबलांवरून परत घेतली. ("चुकून दुसरीच प्रत आली हो.") जिन्यात मामाने गाठलं.

"मला आधी सांगायचंस ना, मामा."

"काय सांगणार? खोट्या रजेचं सांगितलं असतं तर तू त्याच्यावर पत्रक काढलं असतंस."

खरं आहे. काढलं असतं.

गुरुवारपर्यंत सगळं शांत होतं. गुरुवारी दुपारी कचेरीत संगीतकाराकडून पाकीट आलं. कचेरीचा पत्ता, म्हणून आवक विभागाने फोडलं, शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. आता सरकारी कागदाला एकदा आवक क्रमांक पडला की तो न वाचण्याची सोय खुद्द साहेबांनासुद्धा नसते.

आत दिलगिरीचं पत्र होतं. नाव यादीत घातलं आहे, आपले मामा सहाही दिवस दहा-दहा तास हजर होते आणि एकदाही थकले नाहीत, याची आम्ही खात्री देतो, वगैरे. सोबत आठवण म्हणून एक रंगीत फोटो. त्यात मामा माणसाच्या उंचीचा डबल बास (व्हायोलाचा आजोबा) एकटा खांद्यावर घेऊन जिना चढतोय आणि हसतोय.

बढतीच्या यादीत पुढचं नाव गेलं. मामाकडून लेखी खुलासा मागवला. तो मी लिहून देते म्हटलं, तर मामीने घरातली सगळी पेनं उचलून कपाटात ठेवली. पट्टा मामाने धुऊन, इस्त्री करून साहेबांना परत केला.

आमच्या घराण्याने आजवर शेकडो पत्रकं काढली असतील. आठवड्याच्या आत, लेखी, संपूर्ण मागणी मान्य झालेलं हे एकमेव!