दुमडलेला कोपरा

जेवणानंतर वीस मिनिटं मी कोणाला भेटत नाही. माझ्या आमदार संपर्क कार्यालयाच्या आतल्या खोलीत आरामखुर्ची आहे, तिच्यात पडते. दाराला कडी मीच घालते, कारण दुसऱ्याने घातलेल्या कडीवर माझा भरवसा नाही. मांडीवर कांचन भोपळेच्या बदलीचं शिफारसपत्र आहे, सही तेवढी राहिलीय. ती बाहेर कोणाशी काय बोलतेय ते ऐकायला मी कान देते आणि कान देता देता पापण्या जड होतात. पंख्याची घरघर लांब जाते. कडी घातलेल्या दारातून महिपतराव आत येतात.

महिपतराव सुतार चौदा वर्षं माझे पी.ए. होते. दिवाळीनंतर गेले. त्यांना शेवटचा हार मी स्वतः घातलाय, त्यामुळे माझा पहिला प्रश्न तयारच असतो.

"कोणी धाडलं तुम्हाला?"

"कोण धाडणार, वहिनीसाहेब? माझा मीच आलोय."

"आपलं आपण कोणी येत नसतं. तीन निवडणुका लढलेय मी. काम काय ते बोला."

ते नुसते हसतात. तोच पांढरा शर्ट, काखेत तोच हिरवा थर्मास. मला त्या थर्मासचाही संशय येतो.

आमची एक रीत होती. सोमवारच्या जनता दरबारात मी समोर बसून ओरडायची. नाही ओरडलं तर बाईमाणूस म्हणून लोक डोक्यावर बसतात, हे मी पहिल्याच वर्षी शिकले. अर्ज महिपतरावांच्या हातून यायचे. ज्याचं खरोखर अडलंय, त्याच्या अर्जाचा डावा कोपरा ते मागच्या बाजूला दुमडायचे. ओरडा हवं तेवढं, पण याला सोडू नका, असा त्याचा अर्थ. मी ओरडून सही करायची आणि ते त्या माणसाला मागच्या पडवीत नेऊन चहा पाजायचे. तिथं ते काय बोलतात, मी कधी विचारलं नाही. त्यांच्या मयताला मात्र तालुका लोटला, मी कधी न पाहिलेल्या बायका ऊर बडवून रडल्या. इतकी माणसं उगाच रडत नाहीत. हा माणूस माझ्या चहावर स्वतःचा मतदारसंघ बांधत होता की काय, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

"चला पडवीत," महिपतराव म्हणतात. आम्ही पडवीत येतो, तर ती माझी बालवाडी असते. राजकारणात यायच्या आधी नऊ वर्षं मी इथं शिकवलं आणि एकदाही आवाज चढवला नाही. भिंतीवर खडूने काढलेल्या ससा-मोरांखाली माझ्या विरोधकांची नावं आहेत, माझ्याच अक्षरात. महिपतराव बुटक्या बाकावर बसतात, त्यांचे गुडघे हनुवटीला टेकतात. कोपऱ्यात निळ्या साडीतली एक तरुण बाई एका पोरीचं नाक पुसतेय. ती मीच आहे. मला बघून ती पोरीला पदराआड घेते.

माझ्यापासून कोणी पोर लपवावं, याचं मला फार वाईट वाटतं.

"खरं सांगा," मी महिपतरावांना दरडावते. "लोकांना इथं माझ्याबद्दल काय सांगायचात?"

"एकच. वहिनीसाहेब अंगावर आल्या म्हंजे काम झालं समजा. गोड बोलल्या तर दुसरी वाट धरा."

हसू येतं, ते मी दाबते. "मग आजच का उगवलात?"

ते थर्मास खाली ठेवतात. "कांचनवर तुम्ही आवाज चढवला न्हाई."

खरं आहे. कांचन आरोग्य केंद्रात नर्स आहे. गेल्या सोमवारी माझ्या नव्या पी.ए.ने, मगदूमने, तिला दारातच अडवलं. तेव्हा ती भर दरबारात म्हणाली, "महिपतराव असते तर ही वेळ आली नसती." मी गोड हसले. ती गेल्यावर हळू आवाजात तिच्या बदलीचं पत्र टाइप करायला सांगितलं. घाटापलीकडचं शेवटचं गाव. तिची सासू अंथरुणाला खिळलीय, हे मला माहीत होतं.

"तिने सगळ्यांसमोर माझा अपमान केला."

"तिनं माझं नाव घेतलं. मेलेल्या माणसाचा कसला हेवा करताय, वहिनीसाहेब?"

मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघते. विधानसभेत एवढ्यावर विषय बदलतो.

"समोर तुम्ही हुता, मागं मी हुतो," ते म्हणतात. "आता मागं कोण हाय?"

मी निळ्या साडीतल्या बाईकडे बघते. थर्मास आता तिच्या हातात आहे.

"ती भोळी आहे. लोक फाडून खातील तिला."

"तुम्ही हायसा की संगं."

मी दचकून जागी होते. पंखा घरघरतोय. मांडीवरच्या पत्राचा डावा कोपरा मागच्या बाजूला दुमडलेला आहे.

उठून बघते, कडी आतून तशीच. ती काढून मगदूमला हाक मारते.

"आत कोण आलं होतं?"

"कोणी नाही, वहिनीसाहेब. कडी तर तुमचीच."

"हे पत्र तू दुमडलंस?"

"करकरीत दिलं होतं की!"

झोपेत मीच दुमडला असेल म्हणून दुसरा कागद घेऊन न बघता कोपरा दुमडते. तो पुढच्या बाजूला येतो. पुन्हा करून बघते, पुन्हा पुढेच. मग पत्राचे चार तुकडे करते, दुमडलेला कोपरा तेवढा पर्समध्ये ठेवते आणि विचारते, "भोपळे बाई कुठंय?"

"बदलीचं कळलंय तिला, सकाळपासून मागच्या पडवीत. जा म्हटलं तरी हलत नाही."

मी स्वतः चहाचे दोन कप घेऊन जाते. मला बघून कांचन भिंतीला टेकून उभी राहते.

"सकाळपासून उपाशी बसलीस? घरी सासूला कोण बघतंय? अक्कल गहाण टाकलीस का?" माझा आवाज थेट रस्त्यापर्यंत जातो. मगदूम डोळे मिटून घेतो.

कांचनचे खांदे मात्र सैल पडतात. ती डोळे पुसते आणि चहाला हात पुढे करते.

"म्हणजे काम झालं ना, वहिनीसाहेब?"

"कोणी सांगितलं तुला असं?" मी विचारते.