मका, गहू आणि गिटार

काही माणसांचे किस्से अंगावर पीठ उडावं तसे साठतात. झटकले तरी कुठेतरी उरतातच. आमच्या सरांचे तसेच. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ गिटार वाजवणारे सर, तिथले बँड बंद पडल्यावर कोल्हापूरला परतले आणि बापूंच्या पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत क्लास काढला. मी बी.ए.ला असताना तिथं जायला लागले. खाली पोतं धप्पकन पडलं तरी माझा हात थांबायचा!

*

सरांचा इथला पहिला कार्यक्रम. दहा मिनिटं डोळे मिटून वाजवलं. पहिल्या रांगेतून आवाज आला, "पावणं, तारा लावून झाल्या असतील तर गाणं सुरू करा की!"

"करतो की," सर म्हणाले आणि तेच पुन्हा वाजवलं!

*

क्लासात लय मोजायचा मेट्रोनोम नव्हता. गिरणीच्या पट्ट्याचा जोड चाकावर आपटायचा, टप... टप... त्यावर आम्ही लय धरायचो. मका पडला की पट्टा जड व्हायचा, गहू पडला की पळायचा. आमचे हातही तसेच.

इचलकरंजीच्या स्पर्धेत परीक्षकांनी विचारलं, "तिसऱ्या ओळीला सगळेच एकदम हळू का होता?"

सर गंभीरपणे म्हणाले, "तिथं मका पडतो, साहेब."

बक्षीस गेलं. मला रडू फुटलं. सर एवढंच म्हणाले, "सगळे एकदम हळू झाला ना? म्हणजे एकमेकांचं ऐकत होता."

*

जॅझमधला सोलो म्हणजे एकट्यानं, त्या क्षणी सुचेल ते वाजवायचं. मी घाबरून वहीत लिहून, पाठ करून गेले.

"हे काल सुचलेलं," सर म्हणाले. "आज काय सुचतंय?"

काहीच नाही! तरी वार्षिक कार्यक्रमातला सोलो त्यांनी मलाच दिला.

"सर, मी मध्येच थांबले तर?"

"थांब की. आम्ही हाय तिथंच."

*

कार्यक्रमाच्या दिवशी बापूंनी गिरणी बंद ठेवून पहिली रांग धरली. मी सुरुवात केली आणि मागे कुणाची तरी खुर्ची धाडकन पडली.

हात थांबला. सरांकडे पाहिलं. ते नुसते वाट बघत बसले होते.

मग टप... टप... बापू मांडीवर थाप देत होते. जड, सावकाश. मी एक सूर लावला. मग दुसरा. वहीतला नव्हता.

जरा वेळानं बापू भर सभागृहात ओरडले, "पोरी, आता गहू टाकू काय?"

मी मान डोलावली.