घोडीची वहिवाट

बहरीनला आले तेव्हा मला वाटायचं, जगात सगळीकडे मामलेदार असतोच. वय एकवीस, शिक्षण मॅट्रिक, अक्कल त्याच्या बरीच खाली.

आमचे हे आधी माथेरानला घोडे धरायचे. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी तिथल्या जिदहफ्स गावाजवळ एका म्हाताऱ्या अरबाच्या तबेल्यात लागले. त्याच्या लाडक्या घोडीचा पुढचा पाय सुजलेला. रोज सकाळी खजुरांच्या बागांमधल्या वाटेने तिला समुद्रावर न्यायचं, गुडघाभर खाऱ्या पाण्यात चालवायचं. सूज उतरत होती. आसपासचे सगळे घोडेस्वार त्याच वाटेने जायचे.

एका सकाळी वाटेवर काटेरी तार! पलीकडे नवी घरं होणार होती. वळसा घालायचा तर डांबरी रस्ता आणि ट्रक. आठवड्यात पाय पुन्हा फुगला. घोडी गेली तर मालक तबेला बंद करणार, तबेला बंद म्हणजे यांचा व्हिसा खलास. हे ताटावर बसायचे नि तसेच उठायचे.

"वडिलांनी चिपळूणला वहिवाटीचे तीन दावे जिंकलेत," मी ऐटीत म्हटलं. "अर्ज मी लिहिते."

आमच्याकडे वाट अडली की अर्जात 'पूर्वापार' लिहायचं आणि खाली साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. मी अकरा साक्षीदार जमवले. सुतार, ड्रायव्हर, एक इस्त्रीवाला. झाडून सगळे रत्नागिरीचे. त्यांतला सर्वांत जुना तीन वर्षांपूर्वी आलेला, आणि घोड्यावर एकही कधी बसलेला नव्हता.

इथे मामलेदार नव्हताच, पण बांधकामावरचा इंजिनियर पुण्याचा निघाला. मी मनात पेढे वाटले.

त्याने अर्ज वाचला. "वहिनी, तुमचे वाडवडील इथून घोड्यावर जायचे? चिपळूणहून निघून?"

"लिहायची तशी पद्धत असते."

"ज्याची वाट आहे त्याची सही आणा."

मी मालकाकडे धावले. तो मोडक्या हिंदीत कडाडला. वाट आपली आहे असं त्याच्या बापानेही कधी म्हटलं नव्हतं. ज्याच्याकडे घोडा, त्याची वाट. "सही मफी! नाही!"

म्हणजे वाट सगळ्यांची, म्हणून सही कुणाचीच नाही. माझ्या वडिलांच्या तिन्ही दाव्यांत हे कलम नव्हतं. मी तारेपाशी मटकन बसले आणि भोकाड पसरलं. रडताना खाली बघितलं तर वाळूत टापांचे ठसेच ठसे. कितीतरी घोडे तारेपर्यंत येऊन वळले होते, रोज. त्यात एक खूण फरफटलेली, आमच्या घोडीची.

मी तशीच गेले आणि इंजिनियरला हाताला धरून आणलं. परक्या पुरुषाचा हात! अर्ज त्याच्यासमोर फाडला. "मी खोटं लिहिलं. हे बघा खरे साक्षीदार."

तो वाकून ठसे बघू लागला. "वर विचारतो. इंशाल्ला."

चार दिवस हे घोडीच्या पायाला मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या बांधत होते. मग तारेत घोडा जाईल एवढी फट ठेवली गेली.

आम्ही घोडीला घेऊन धावलो. ती फटीपाशी आली, थांबली आणि सवयीने मागे वळली. यांनी लगाम ओढला, चुचकारलं, हात जोडले. "अगं चल ना, बाई," हे रडत होते. अकरा साक्षीदार उभे करणारी मी, मला एका घोडीला पटवता येईना.

शेवटी मीच पदर खोचून फटीतून पलीकडे गेले आणि पुढे चालू लागले, मागे न बघता. कितीतरी वेळ नुसता वारा. मग मागून आवाज आला: तीन टापा आणि एक फरफट.