क्लचचं तेल आणि नाथाशी भांडण

चार बुकं शिकलो असतो तर हे नीट मांडलं असतं. पण घडलं तसं सांगतो, आणि त्या दिवशी मी आमच्या देवावर, म्हसवडच्या नाथावर, किती चिडलो होतो तेही लपवत नाही.

लढाई संपून वर्ष झालं होतं. पलटणीत ड्रायव्हर होतो, सुटल्यावर लिलावातला जुना लष्करी ट्रक घेतला. त्याचा क्लच तेलावर चालायचा. पायडल दाबलं की नळीतलं तेल पुढं रेटलं जाई आणि क्लच सुटे. माझी थोरली लेक सगुणा दोन दिवस अडली होती. सुईणीनं हात टेकले, म्हणाली मिरजेच्या दवाखान्यात न्या. ट्रकात गादी टाकून लेकीला निजवलं, तिची आई उशाशी बसली. मायणी मागं टाकली आणि विट्याच्या अलीकडं, चढाला, पायडल एकदम खाली टेकलं. गिअर पडेना. नळीची चाकी ढिली होऊन सगळं तेल रस्त्यावर सांडलं होतं.

मला संताप आला. नाथाच्या जत्रेला म्हाताऱ्याकोताऱ्यांना फुकट नेणारा मी, आणि माझ्या लेकीच्या वेळी ही तऱ्हा? भर उन्हात नाथाला नको ते बोललो. बायको म्हणाली, "आवं, देवाला मागनं बोला. आदी गाडीचं बघा." चाकी आवळली, पण घालायला तेल कुठलं? डब्यात इंजिनाचं होतं. ते घातलं की आतलं रबर फुगतं, हे पलटणीत शिकलेलो. तिथं एरंडेलात स्पिरिट मिसळून घालत; अडल्या वेळी नुसतं एरंडेलही चाले.

तेवढ्यात एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन चढ उतरत आला. "काय झालं रं?"

"काय न्हाई," मी म्हणालो. माझा ताठा बघा.

बायकोनंच वरून विचारलं, "एरंडेल हाय का, दादा?"

त्यानं झोळीतनं बाटली काढली. "मेंढरांची पोटं फुगत्यात, म्हणून बाळगतो. गाडीचं बी फुगलं व्हय?"

मला लय राग आला. बाटली घेतली, पण गोड शब्द बोललो नाही.

तेल घातलं, तरी नळीत हवा होती. ती काढायला दोघं लागतात. एकानं पायडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली स्क्रू सैल करून हवा सोडायची, आणि स्क्रू परत आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही. मी हट्टाला पेटलो. पायडलवर दगड ठेवला. तीनदा घसरला, तीनदा हवा परत आत गेली. बाटली तळाला आली.

"दगडाला पाय न्हाईत गड्या," धनगर म्हणाला. "मला हायत."

मागं सगुणाचं कण्हणं थांबलं होतं, आणि ते कण्हण्यापेक्षा वाईट होतं. मग माझ्या तोंडून निघालं, "दादा, तुमी बसा वर. स्क्रू आवळला की मी सोड म्हणीन, तवाच पाय उचला."

बाटलीतलं शेवटचं तेल घातलं. मी खाली शिरलो, स्क्रू सैल केला, बुडबुडे आले, मग नुसतं तेल आलं. इतक्यात लेकीनं किंकाळी फोडली आणि मी भांबावून ओरडलो, "सोड."

त्यानं पाय हलवला नाही. वरून सावकाश विचारलं, "आवळलास का रं आदी?"

आवळला नव्हता. पाय उचलला असता तर सगळी हवा परत आत गेली असती, आणि तेल तर संपलं होतं. स्क्रू आवळला, मग परत सोड म्हणालो. गिअर पडला. त्याचं नाव विचारायचं राहिलं, ते आजही जाळतं.

लोक म्हणतात, नाथच आला. मी तसं म्हणत नाही; तो धनगर मेंढरं हाकत खाली गेला, मी पाहिलंय. पण मी चुकलो तेव्हा न चुकणारा पाय तिथं कुणी ठेवला, एवढं मला कळतं. मी देवाचं केलं म्हणून त्यानं माझं करावं, अशी माझी समजूत होती. त्यानं केलं ते शिव्या देणाऱ्याचं केलं. तेव्हापासून त्याच्याशी भांडायची ताकद गेली.

सगुणाला मिरजेत मुलगी झाली. दोघी वाचल्या. नातीला घ्यायला पुढं झालो तर बायको म्हणाली, "आदी ते तेलकट हात धुवा." धुतले, आणि पोरीला घ्यायच्या आधी जोडले. मागायला काही उरलं नव्हतं.