रफूची जागा

जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून देणं हा माझा छोटासा व्यवसाय. काल एक बाई त्यांच्या आईच्या साड्यांची गोधडी न्यायला आल्या. ती मांडीवर पसरून बोटांनी काहीतरी चाचपत राहिल्या.

“निळ्या साडीवर आईनं केलेलं रफू होतं ना?”

“तो खराब भाग मी कापून टाकला,” मी कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाले.

“छान झालीय हो,” त्या म्हणाल्या. बोटं मात्र थांबेनात.

धंद्यात पडल्यापासून मला नुसतं फिनिशिंग दिसतं. कापडावरून कुणाचा हात फिरून गेलाय, ते दिसेनासं झालंय. मला वर बघवेना. कोपऱ्यात मीच हौसेनं लेबल शिवलं होतं : ‘आठवणी जपणारी गोधडी’. चाचपत चाचपत त्यांची बोटं शेवटी तिथं येऊन थांबली.