गुंजनचा गार हात

मोहाडीकडच्या त्या गावात धुरपता भित्री म्हणूनच ओळखली जायची. तीन वर्षांपूर्वी तिचा दीर कीडनाशकाची फवारणी करून आला आणि रात्रभर ओकत राहिला. वाचला, पण तेव्हापासून औषधाच्या बाटल्या पेटीत कुलूपबंद आणि किल्ली हिच्या गळ्यातल्या दोऱ्यात. नवरा इश्वर चिडवायचा, "दागिने खुंटीवर अन् जहर पेटीत, असं घर जिल्ह्यात एकच असन."

त्या दुपारी धानावर नुसता युरिया फवारायचा होता. इश्वर पंपाची नळी आणायला गेलेला. धुरपताने धुऱ्यावर जर्मनच्या गंजात, त्या खोल ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, अर्ध्यापर्यंत पाणी घेतलं, त्यात युरिया ओतला आणि बोडीच्या तळ्यावरून आणखी पाणी आणायला गेली. परतली तर नऊ वर्षांची गुंजन कोपरापर्यंत हात घालून ते ढवळत होती.

"काढ हात! कोनं सांगतलं तुले?"

तिने मनगट धरलं. हात बर्फासारखा गार. दिराचे हातपाय त्या रात्री असेच गार पडले होते.

"मले काही नाही झालं वं आई. मजा येऊन राहिली होती."

गोणीवर युरियाच लिहिलं होतं. पण भरणाऱ्याने आत काय भरलं, कोणी पाहिलं? धुरपताने पोरीला उचललं आणि चिखल तुडवत सडकेकडे निघाली. शेजारच्या धानाच्या बांधीत निंदण करणारी रत्नाबाई आडवी आली.

"एवढी घोडी कडेवर घेऊन कुठं चालली वं?"

"दवाखान्यात. हात पाहा काकी, गार पडला. औषध भिनलं पोरीले!"

"दुसरा हात पाह्यला?"

धुरपताने पाहिला. ऊन, घामेजलेला.

रत्नाबाईने दोघींना मागे वळवलं. "आता गंजाले हात लाव. बाहेरून."

गंजही गारच होता. बाहेरून पाण्याचे थेंब धरले होते.

"याले कोन्तं जहर चढलं? युरिया पाण्यात विरघळते तवा आजूबाजूची गरमी ओढून घेते. पाण्याची, गंजाची, हिच्या हाताची. गार नसतं पडलं, त मी म्हटलं असतं गोणी नकली हाय."

तरी धुरपताने पेल्यात नवं पाणी घेतलं, मूठभर युरिया टाकला आणि पेला दोन्ही तळव्यांत धरून उभी राहिली. हळूहळू बोटं गारठली. तेव्हा कुठे तिने पेला खाली ठेवला. मग गुंजनचा हात तीनदा धुतला. तोवर तो उबदार झाला होता, तरी ती चोळतच होती.

"सोड ना वं, सालटं काढतं का?"

इश्वर नळी घेऊन आला. "अजून पाणी नाही भरलं?"

"बसा जरा," शिदोरीची गाठ सोडत धुरपता म्हणाली. "मले भूक लागली."